पुढच्या पावसाळ्याआधी हॅम रेडिओचा परवाना: चिपळूणहून काही सूचना

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसानं सरकारी परवान्यावर स्वतःचा वायरलेस सेट लावून दुसऱ्या सेटशी थेट बोलणं, आणि असं बोलणारा तो हॅम. त्याचा परवाना पुढच्या जूनमध्ये हातात हवा असेल तर तयारी गणपती विसर्जन झालं की लगेच सुरू करा. परीक्षेची तारीख लागणं, निकाल, परवान्याचा अर्ज, पोलीस पडताळणी या प्रत्येक टप्प्याला आपापला वेळ लागतो आणि त्यातला एकही आपल्या हातात नसतो. आपल्या हातात फक्त अभ्यास आणि कागदपत्रं. मे महिन्यात आठवण होऊन अर्ज करणाऱ्याला तो पावसाळा सेटशिवायच काढावा लागतो.

मी चिपळूणला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकलं तेव्हा वीज नव्हती आणि मोबाइलही नव्हते. पेठमापात अडकलेल्या माणसाला खेंडीतल्या भावाला ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढं सांगायची सोय उरली नव्हती. मोबाइलचा टॉवर उभा असला तरी तो विजेवर आणि जमिनीतून गेलेल्या फायबरवर जगतो. वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास ओढतात, जनरेटर असेल तर डिझेल संपेपर्यंत. ते डिझेल पोचवायचा रस्ताच पाण्याखाली असला की संपलं. हॅमच्या दोन सेटच्या मध्ये काहीच लागत नाही. इकडे बॅटरी, तार आणि माणूस. तिकडे बॅटरी, तार आणि माणूस. मी या वाटेला लागले ती एवढ्यासाठीच, आणि हे सगळं लिहितेय तेही कोकणातल्या प्रत्येक मोठ्या गावात परवाना असलेली निदान दोन माणसं असावीत म्हणून.

हे काम होतं, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचं हॅमचं पथक नेमकं पोर्ट ब्लेअरला होतं. गेले होते वेगळ्याच हौसेनं, अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला. पण फोन बंद पडल्यावर त्यांचं स्टेशन अडकलेल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळवू लागलं. सेट लावलेला होता, अँटेना वर होती आणि हात सरावलेले होते, म्हणून हे जमलं.

आता परवान्याकडे. आपल्याकडे तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन (डब्ल्यूपीसी) शाखा देते. आधी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचं, मग त्याच्या आधारावर परवाना. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला एकच लेखी पेपर असतो. जनरलचा पेपर मोठा, शिवाय मोर्स कोड, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, ऐकून लिहायचा आणि स्वतः पाठवायचा. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं कॉलसाइन, म्हणजे हवेवरची सरकारी ओळख, व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ नं. वयाची अट १२ वर्षं पूर्ण, म्हणजे सातवीतलं मूलसुद्धा बसू शकतं. माझं स्पष्ट मत आहे की आपत्तीसाठी परवाना घेणाऱ्यानं आधी रिस्ट्रिक्टेडच द्यावी. तेवढ्यावर जवळच्या बोलण्यासाठीचं व्हीएचएफ मिळतं आणि ४० मीटरसारखे लांब पोचणारे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टेही, फक्त पॉवर कमी वापरायची. मोर्ससाठी थांबून एक पावसाळा वाया घालवण्यात अर्थ नाही. नंतर सवडीनं जनरल द्या.

अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर होतो. फोटो, सही, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा स्कॅन करून ठेवा. परीक्षेचं शुल्क अगदी किरकोळ. परवान्याचं वीस वर्षांसाठी १००० रुपये आणि आजन्म हवा असेल तर २०००. तरी भरण्याआधी पोर्टलवर दिसणारा आकडा पाहून घ्या. अर्ज करण्यापूर्वी एक गोष्ट तपासाच, विशेषतः बायकांनी. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, पॅनवर तिसरंच स्पेलिंग, असं आपल्यापैकी कितीतरी जणींचं असतं. अर्जात जे नाव घालाल तेच प्रमाणपत्रावर येतं, तेच परवान्यावर, आणि पोलीस पडताळणीला तेच आधारशी ताडून बघतात. म्हणून आधी सगळी कागदपत्रं एका नावावर आणा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवा, मग अर्ज भरा. पुरुषांनीही आपल्या मधल्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते बघावं.

परीक्षा डब्ल्यूपीसीच्या देखरेख केंद्रांवर होते. आम्हा कोकणातल्या लोकांना मुंबईचं केंद्र सोयीचं, ते बोरिवलीला गोराई रस्त्यावर आहे. विदर्भातल्यांना नागपूर. मुंबईला जायचं तर आदल्या दिवशी पोचून नातेवाइकांकडे मुक्काम करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या भरवशावर सकाळची परीक्षा गाठायला जाऊ नका.

अभ्यासाचे दोन भाग आहेत, वीज आणि रेडिओचं तंत्र एक, नियम आणि कामाची पद्धत दुसरा. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे एकाच्या जोरावर दुसरा निघत नाही. तंत्राच्या भागाला लोक उगाच घाबरतात. राज्य मंडळाचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढा आणि ‘धाराविद्युत’ हा धडा करा, मग दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’. ओहमचा नियम, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी, विद्युत शक्ती एवढं तिथंच पक्कं होतं. त्यावर कपॅसिटर, कॉइल, अनुनाद, डायोड, ट्रान्झिस्टर, मॉड्युलेशन आणि अँटेना हे नवीन शिकायचं. बरंचसं साहित्य इंग्रजीत आहे, म्हणून वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे आपल्या शब्दांत अर्थ असं लिहीत गेलात तर घोकावं लागणार नाही. अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया आणि हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्था नव्यांना मार्गदर्शन करतात, त्यांच्याकडे जरूर विचारा.

एक गणित मात्र रोज करा, कारण ते परीक्षेतही येतं आणि पुढे आयुष्यभर लागतं. तरंगलांबी मीटरमध्ये हवी तर ३०० ला मेगाहर्ट्झनं भागायचं. १४५ मेगाहर्ट्झला ती साधारण २ मीटर, म्हणून तो बँड ‘टू मीटर’. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, करायचा तर लांबीसाठी १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं जवळजवळ २० मीटर, म्हणजे मधोमध तोडून दोन्हीकडे १० मीटर तार. शाळेतल्या मुलांना मी मैदानावर दोरीनं हे मोजायला लावते. एकदा पायांनी मोजलेलं अंतर ती विसरत नाहीत.

नियमांच्या भागात क्यू-कोड, म्हणजे क्यू नं सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप, पाठच लागतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोचलं, क्यूआरएम माणसांनी केलेला अडथळा, क्यूआरएन निसर्गातला, क्यूआरएक्स थांबा, क्यूएसवाय दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जा. ए, बी, सी स्पष्ट सांगण्यासाठीची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला तोंडात बसेपर्यंत म्हणा. रस्त्यावरून जाताना गाड्यांच्या नंबर प्लेट तिच्यात वाचत जा, आठवड्याभरात येते. धंद्याचं बोलणं, गाणी लावणं, गुप्त सांकेतिक भाषा यांना मनाई आहे. कॉलसाइन सांगणं आणि नोंदवही ठेवणं ही आपली जबाबदारी.

याच भागात एक नियम आहे जो आपत्तीसाठी येणाऱ्यानं अधोरेखित करून ठेवावा. एरवी हॅमनं तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नसतात. पण भूकंप, पूर, चक्रीवादळ, मोठी आग अशा वेळी नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली, तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून निघालेले आणि त्यांच्यासाठी असलेले संदेश आपण घेऊ आणि देऊ शकतो. म्हणजे परवाना खिशात घेऊन पुराच्या दिवशी उभं राहणं पुरेसं नाही. प्रशासनाला तुम्ही आधीपासून माहीत असायला हवं. याकडे पुढे परत येते.

मोर्सबद्दल थोडक्यात, जनरल देणाऱ्यांसाठी. मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो आणि पाच मिनिटं घेता यायला हवं. टिंब आणि रेघांचा तक्ता डोळ्यासमोर ठेवून शिकू नका, कारण मग प्रत्येक अक्षर मनात तक्त्यावर शोधावं लागतं आणि वेग अडकतो. कानानं शिका. तबल्याचे बोल आपण जसे ऐकून ओळखतो तसंच ‘डा-डी-डा’ म्हणजे के. एका वेळी दोन अक्षरं, ती पक्की झाली की तिसरं. रोज थोडा वेळ, पण रोज.

निकाल लागला की त्याच पोर्टलवर परवान्याचा अर्ज. मग एक दिवस पोलीस ठाण्यातून फोन येतो. घाबरायचं काही नाही. आपल्या भागातल्या हवालदारांनी हा अर्ज पूर्वी पाहिलेला असेलच असं नाही, तेव्हा परीक्षेचं प्रमाणपत्र, अर्जाची प्रत, आधार आणि फोटो एका फाइलमध्ये घालून न्या आणि शांतपणे समजावून सांगा की पुरात फोन बंद पडले तर सरकारी यंत्रणेला मदत करण्यासाठी हा परवाना आहे. २०२१ पाहिलेल्या माणसाला चिपळुणात हे दोनदा सांगावं लागत नाही. शेजाऱ्यांनाही आधीच कल्पना देऊन ठेवा, चौकशीला कुणी आलं तर त्यांचा गोंधळ होत नाही.

परवाना हातात येईपर्यंत सेट विकत घेऊ नका. वायरलेस सेट परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, मग तो ऑनलाइन कितीही स्वस्त दिसो. तोवर कान तयार करायचे असतील तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर इंटरनेटवर उघडा. तिथला खरा रिसीव्हर आपण इथून फिरवू शकतो. हॅम कसे बोलतात, थांबतात कधी, गर्दीत एकमेकांना वाट कशी देतात, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता सेट कोणता, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर तुमच्या गावाच्या डोंगरांवर अवलंबून आहे. हातात मावणारा व्हीएचएफचा सेट, ज्याला हॅम ‘हँडी’ म्हणतात, तो समोर मोकळं असेल तोवरच चालतो. चिपळूण दरीत वसलंय. एका बाजूला परशुराम घाट, दुसरीकडे कुंभार्ली. हँडीवरून बहादूरशेख नाक्याचा माणूस गोवळकोटशी बोलेल, कराडशी नाही. गावातल्या गावात, बोटीवरच्या स्वयंसेवकाशी बोलायला हँडीसारखं साधन नाही. पण जिल्ह्याबाहेर निरोप काढायचा तर ४० मीटरचा बँड हवा.

इथं कोकणी माणसाला एक चांगली बातमी आहे. ४० मीटरचा डायपोल उंच नेला की त्याचा सिग्नल क्षितिजाकडे, दूर देशात जातो. तोच डायपोल जमिनीपासून चार-पाच मीटरवर ठेवला की सिग्नल सरळ वर जातो, वातावरणाच्या वरच्या थरातून परततो आणि तीन-चारशे किलोमीटरच्या घेरात पावसासारखा वरून पडतो. सह्याद्री मध्ये आला तरी बिघडत नाही, कारण तो डोंगराला आडवा जातच नाही. रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे, मुंबई सगळे या घेरात येतात. दिवसा ४० मीटर, आणि रात्री तो जवळच्यांसाठी मुका झाला की ८० मीटर. त्याची तार दोन्हीकडे साधारण २०-२० मीटर. त्यामुळे टॉवर उभारायला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. परसातला माड आणि पलीकडचा फणस पुरतो.

माडाला तार बांधायची एक रीत आहे. वाऱ्यात माड झुलतो आणि घट्ट बांधलेली तार पहिल्याच वादळात तुटते. म्हणून माडावर छोटी कप्पी लावा, दोरी तिच्यातून खाली आणा आणि टोकाला वाळूनं भरलेली प्लास्टिकची बाटली टांगा. माड झुकला की बाटली वर-खाली होते, तार ताणलेलीच राहते. तार आणि दोरी यांच्यामध्ये इन्सुलेटर हवा. पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्याला दोन भोकं पाडली की झाला. जिथं सेटकडून येणारी कोॲक्स केबल डायपोलला जोडते तो सांधा रबरी सेल्फ-बाँडिंग टेपनं नीट गुंडाळा, नाहीतर खारा वारा आणि पाऊस एका मोसमात तांबं हिरवं करून टाकतात. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा असतात. गडगडाट दूर असतानाच केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची.

बॅटरी हा विषय लोक शेवटी घेतात. मी तो अँटेनाच्या बरोबरीनं घेते. घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी धरू. सेट नुसता ऐकत असताना साधारण १ अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. दर तासाला पाच मिनिटं बोललात आणि बोलताना ५ अँपिअर गेले, तर आणखी १०. दिवसाचे ३४. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे वापरायला ७५. दोन दिवस निभतं, मात्र इन्व्हर्टरवरचे पंखे आणि दिवे बंद ठेवले तरच. सोलर पॅनेल घ्या, पण जुलैतल्या कोकणातल्या ढगांखाली त्याच्याकडून फार धरू नका. आणि बॅटरी ठेवायची ती पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावर. २०२१ मध्ये कितीतरी घरांतले इन्व्हर्टर जिन्याखाली होते आणि तेच आधी बुडाले.

सेट लागला, बॅटरी आहे, आता संदेश. या कामातलं खरं कौशल्य हेच, आणि परीक्षेत ते पुरतं तपासलं जात नाही. संदेश नेहमी कागदावर लिहून मग बोलायचा. क्रमांक, तातडी, वेळ, कुणाकडून, कुणाला, मग मजकूर. उदाहरणार्थ: ‘संदेश तीन. अतितातडीचा. वेळ एक-चार-दोन-शून्य. तहसीलदार चिपळूण यांजकडून जिल्हा नियंत्रण कक्ष रत्नागिरी यांस. पेठमाप, माणसं चार-शून्य, पहिल्या मजल्यावर. डायलिसिसचे रुग्ण दोन. बोट हवी.’ समोरचा हे शब्दशः परत वाचून दाखवतो, आपण ‘बरोबर’ म्हणतो, तेव्हाच संदेश पोचला. मधला एकही शब्द आपल्या मनानं बदलायचा नाही, सोपा करायचा नाही.

आकडे सुटे बोला. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. ‘पाच-नऊ’ आणि ‘सहा-नऊ’ मध्ये घोळ होत नाही. आडनाव किंवा वाडीचं नाव अडलं तर अल्फा-ब्राव्हो वापरा, पण पलीकडे गावातला स्वयंसेवक असेल तर ‘ग गणपतीतला, ब बदकातला’ हेच जास्त पटकन पोचतं. आणि ‘धरणाचं पाणी सोडलं म्हणे’ अशा वाक्याला आपल्या सेटवर जागा नाही. कुठल्या अधिकाऱ्यानं, किती वाजता सांगितलं हे कागदावर नसेल तर ते पुढे जात नाही, मग सांगणारा सख्खा भाऊ असला तरी.

आता प्रशासनाकडे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका पावसाआधी होतात. तुमचं पत्र एप्रिलमध्ये जायला हवं, एक प्रत जिल्ह्याला, एक तहसीलदारांना. पत्रात कॉलसाइन, परवान्याची प्रत, घराचा पत्ता आणि तो पूररेषेच्या वर आहे की खाली, कोणते बँड, वीज नसताना किती तास चालू शकता, आणि नियंत्रण कक्षात अँटेना लावायला किती जागा व वेळ लागेल एवढंच लिहा. आपली थोरवी नको. मग एकदा प्रत्यक्ष जाऊन कक्षाची गच्ची बघून या. तार कुठून कुठे जाईल, केबल कोणत्या खिडकीतून आत येईल हे कोरड्या दिवशी ठरलं की पुराच्या दिवशी वेळ जात नाही.

सराव ‘नेट’वर, म्हणजे हवेवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत होतो. ४० मीटरवर सकाळी भारतभरचे हॅम ठरलेल्या वेळी जमतात आणि एक जण नियंत्रक म्हणून क्रमानं सगळ्यांना बोलावतो. आपत्तीसाठी आपल्या आशिया-प्रशांत विभागात ७.११० मेगाहर्ट्झ ठरलेली आहे, तिथं ऐकायची सवय ठेवा. पहिल्यांदा नेटवर जाताना आधी नुसतं ऐका. नियंत्रकानं ‘आणखी कुणी?’ विचारलं की अर्धा श्वास थांबा, बटण दाबा, आणखी क्षणभर थांबा म्हणजे पहिलं अक्षर कापलं जाणार नाही, आणि फक्त कॉलसाइन एकदा म्हणा. तुमचा नंबर आला की नाव, ठिकाण, सेट बॅटरीवर आहे की विजेवर, आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय ते सांगा. मग ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडा.